शनिवारची शेवटची गाडी

बेकर्स फोर्ड, ओहायो
१४ जानेवारी

कर्ट,

लूप बंद पडला आहे.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. आपल्या संसारात ‘मला बरं वाटत नाही’ ह्या वाक्यानं तू कधी जागचा हलला नाहीस, पण ह्या वाक्यानं हलशील याची खात्री आहे. मात्र मग तू नुसती एक आकृती काढून पाठवशील आणि मला आकृत्या कळत नाहीत. म्हणून सविस्तर लिहिते. फोन करत नाही, कारण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला घसरतो. कागदावर मला कुणी मधे तोडत नाही आणि तुला उत्तर सुचायला लागतो तेवढा वेळ मिळतो.

डॅडचं हृदय दमलंय. डॉक्टर ह्याला लांबलचक नाव देतात. अर्थ एवढाच की पाय सुजतात, जिना चढवत नाही आणि रात्री तीन उशांवर झोपावं लागतं. नोव्हेंबरात ते तळघराच्या जिन्यावर पडले. आता उतरताना बसून उतरतात, एकेक पायरी घसरत. वर येताना लॉयड पुढून ओढतो आणि ड्वेन मागून ढकलतो; शनिवारच्या मंडळींतले आता हे दोघंच उरलेत. दोघांचीही स्वतःची ढोपरं निकामी आहेत, त्यामुळे एक दिवस मला तिघंही एकदम जिन्याखाली सापडतील. मी दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांना ‘डॉक्टर पाच मिनिटांत बोलावतील’ असं खोटं सांगत बसलेली असते आणि डॅड घरात एकटे. मेपल कोर्ट वृद्धनिवासात खोली मिळते आहे. खाली जिना नाही, नर्स आहे, खिडकीतून मालगाडीचा रूळ दिसतो. डॅडना पटलंय. पण सही करत नाहीत. ‘शेवटची गाडी लूपमधून वळून परत येऊ दे, मग करतो. बिघडलेली रेल्वे मागे टाकून मी जाणार नाही.’

ही अट मेपल कोर्टच्या मिसेस टिबेट्सना समजावून सांगताना माझी काय गत झाली ऐक. त्यांनी विचारलं, खेळण्यातली गाडी? मी म्हटलं, हा शब्द डॅडसमोर उच्चारू नका, हृदयाला धक्का बसेल. मग सांगितलं की आमच्या तळघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत रेल्वे आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी गावातले म्हातारे वेळापत्रक हातात घेऊन धान्य आणि कोळसा इकडून तिकडे नेतात. धान्यही खोटं, कोळसाही खोटा, भांडणं तेवढी खरी. शेवटी एक गाडी सुटते. इंजिन, मग ह्या मंडळींतल्या मेलेल्या प्रत्येकाच्या नावाचा एक मालडबा, त्यावर नाव आणि साल, सगळे डॅडनी रंगवलेले; आणि शेवटी गार्डाचा डबा, लाल दिवा लागलेला. तळघरातले दिवे मंद करतात. गाडी शहराच्या स्टेशनातून निघते, बोगद्यातून बॉयलरच्या कोपऱ्यात जाते, वळसा घेऊन तोंड फिरवते आणि परत येते. ती येईपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि वर स्वयंपाकघरात ठेवलेल्या गोड, फळांच्या पायचा विचारही करायचा नाही.

मिसेस टिबेट्सचे डोळे पाणावले. ‘मग अडचण काय?’

अडचण ही की गाडी जाते, वळायला लागते आणि अर्ध्या वळणावर मरते. तिच्याबरोबर सगळं तळघर मरतं. गेले तीन शनिवार हेच चाललंय. ते नऊ मेलेले कोपऱ्यात अडकून पडतात आणि डॅडचा चेहरा बघवत नाही.

हो, नऊ. तुझ्या वेळी सहा होते. तू घर सोडून गेल्यावर वॉल्टर वारला, मग दोन्ही प्रुइट भाऊ, एकाच हिवाळ्यात. तुला कुणी कळवलं नसेल. मीही नाही.

लूप तू बांधलास, वायरी तू ओढल्यास. काय करू ते लिही.

मार्ला


३ फेब्रुवारी

कर्ट,

तुझं उत्तर मिळालं. चौकटीचा कागद, वर माझं नाव नाही, खाली तुझं नाव नाही, मधे नुसते प्रश्न. आमच्या डॉक्टरांचा रुग्णांसाठीचा फॉर्म ह्यापेक्षा जिव्हाळ्याचा आहे.

उत्तरं देते. गाडी लूपमध्ये शिरताना काही होत नाही. इंजिन बाहेर पडायच्या टोकाला आलं की रुळाखालची ती काळी डबी कट-कट-कट करायला लागते, पालीसारखी, मग सगळं बंद. वास येत नाही. धूर नाही. कुणी कॉफी सांडलेली नाही. ड्वेनवर संशय घेतलास म्हणून त्याला मुद्दाम विचारलं. तो दुखावला आहे.

डबी काय करते हे मला माहीत आहे, तेव्हा ते पुन्हा समजावू नकोस. आपल्या लग्नाच्या जेवणात तू माझ्या एडिथमावशीला नॅपकिनवर काढून दाखवलं होतंस. दोन रूळ, एकात ह्या बाजूची वीज, दुसऱ्यात त्या बाजूची. रूळ वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळाला की उजवा डाव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. म्हणून वळशाचा एक तुकडा दोन्ही टोकांना बारीक फट कापून वेगळा करायचा आणि त्याला डबी जोडायची. गाडीची चाकं फट ओलांडताना शॉर्ट झाला की पापणी लवायच्या आत डबी त्या तुकड्यातली वीज उलटी करते. गाडीला पत्ताही लागत नाही. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मुळात वळवायचीच कशाला? तू तिच्याशी पुढे कधी नीट बोलला नाहीस.

तू लिहिलंस तसं आधी फटी तपासल्या. हिवाळाभर घर तापवणारा बॉयलर चालू असल्यानं हवा कोरडी ठणठणीत, लाकूड आकसतं, रूळ सरकतात आणि फटी मिटतात, हे बरोबर निघालं. दवाखान्यातनं टोकदार सळई आणली. ज्या हत्यारानं लोकांच्या दाढांतली कीड शोधतात त्यानं मी बॉयलरच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून रूळ टोकरत होते. बाहेरच्या बाजूची एक फट खरंच मिटली होती. डॉक्टरांकडचं कापायचं पातळ चक्र मागून घेतलं, फट परत कापली, त्यात प्लास्टिकचा तुकडा घालून चिकटवला. मग स्टेशनात उभी असलेली शेवटची गाडी स्वतः चालवली. गेली, वळली, परत आली. पुन्हा चालवली. पुन्हा आली. मला इतका आनंद झाला की मी लॉयडला फोन केला. ह्यावरनं माझी अवस्था ओळख.

शनिवारी सगळे जमले. मी गोमांसाचं सँडविच केलं होतं, ते सांडून खायचं असतं तसं सगळ्यांनी सांडून खाल्लं. शेवटी दिवे मंद झाले, गाडी निघाली, बोगद्यात शिरली. कट-कट-कट. अंधार.

कुणी काही बोललं नाही. नियमच तसा आहे ना, गाडी परत येईपर्यंत बोलायचं नाही. ती येईना आणि नियम मोडायचा कुणी हा प्रश्न. गाडी तिथे आणि आम्ही इथे. शेवटी ड्वेनला खोकला आला म्हणून सुटका झाली. डॅडनी नेहमीप्रमाणे कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः काठी टेकत कोपऱ्यात गेले आणि गाडी हातानं मागे ढकलत पडद्यामागच्या यार्डात, गाड्या उभ्या करायच्या रुळांवर नेली. वर येताना एवढंच म्हणाले, ‘कर्टला सांग.’

सांगितलं.

तुझा गाडी चालवायचा हातातला कंट्रोल अजून त्याच खिळ्याला आहे, तू त्या शनिवारी गाडी अर्ध्यावर सोडून, तो अडकवून, कोट घालून निघून गेलास तसा. मी हलवलेला नाही कारण खिळा मोकळा झाला की लॉयड त्यावर टोपी टांगेल.

मार्ला


४ मार्च

कर्ट,

तू सांगितलास तो डबीवरचा स्क्रूही फिरवला. ‘शॉर्ट झाला की मुख्य पेटी डबीच्या आधी घाबरते का ते बघ,’ हे वाक्य मला आवडलं. तुझ्या अक्षरात घाबरणं हा शब्द पहिल्यांदा बघितला. डबी आता मुंगीच्या पावलालाही, सगळी वीज तोडणाऱ्या त्या पेटीच्या आधी उलटते. रोज कामावरून आले की खाली जाऊन शेवटची गाडी चालवते. एकदाही अडकली नाही. मी चालवली की येते. शनिवारी डॅडनी चालवली की अडकते.

ह्यावर मंडळींचे सिद्धांत असे. लॉयडचं म्हणणं, चौघं एका जागी जमले की श्वासानं हवा दमट होते. लॉयड जन्मभर वकिली करत होता, त्याला कशाचंही कारण सांगता येतं. ड्वेनचं म्हणणं, सगळे लाकडी कडेला टेकून उभे राहतात, लाकूड दबतं, फट मिटते. म्हणून ह्या शनिवारी आम्ही तिघं जिन्याच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. चर्चमधल्या गायकांसारखी रांग लागली होती, फक्त सूर नव्हता. गाडी निघाली. कट-कट-कट.

लॉयड मला बाजूला घेऊन म्हणाला की शनिवारी तूच का चालवत नाहीस? मी डॅडना विचारलं. ते म्हणाले, शेवटची गाडी लावायची आणि चालवायची ती ज्यानं डबे रंगवले त्यानं. मग ते पडद्यामागे गेले ते बराच वेळ आले नाहीत.

त्याच रात्री त्यांच्या छातीत पाणी झालं. दोन दिवस हॉस्पिटल. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, घरी काही ताण आहे का? डॅड म्हणाले, ‘आहे. बाहेरच्या फटीशी.’ डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिहून घ्या, खरं आहे.

मेपल कोर्टनं खोली ईस्टरपर्यंत राखून ठेवली आहे. त्यानंतर यादीतल्या पुढच्याला. डॅड पुन्हा जिन्यावर पडले तर मेपल कोर्टही लागणार नाही, हे डॉक्टरनं त्यांच्या तोंडावर सांगितलं. त्यांनी मान डोलावली. घरी आल्यावर विचारलं, कर्टचं पत्र आलं का?

आणखी एक. कोलंबसहून एक माणूस तळघर बघून गेला. तो असल्या रेल्वे पूर्ण उचलून नेतो, लाकडासकट. डॅड हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा आला. मला हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता लिहून झालं आणि मी खोडणाऱ्यांतली नाही. मी चोपन्न वर्षांची आहे, कर्ट. मला एकदा माझ्या घरात खाली जाऊन फक्त कपडे धुऊन वर यायचं आहे.

मार्ला


८ मार्च

कर्ट,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते. लूपला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं.

डॅडना ह्या शनिवारी परत गाडी चालवायची होती, मंडळींना जादा बोलावून. मी म्हटलं, पायऱ्यांवर उभी राहणार नाही, बॉयलरपाशी स्टूल टाकून बसणार. डॅडना ते आवडलं नाही. पण मी त्यांच्या हट्टाची मुलगी आहे. दिवे मंद झाले. गाडी बोगद्यातून माझ्याकडे यायला लागली. इंजिन माझ्यासमोरून वळलं, पलीकडच्या फटीवर गेलं आणि डबी कटकटायला लागली. त्याच क्षणी माझं लक्ष मागच्या लाल दिव्याकडे गेलं. तो अजून अलीकडच्या फटीच्या बाहेर होता. बोगद्याच्या तोंडाशीच.

मी चालवते तेव्हा इंजिन तिथे पोचेपर्यंत लाल दिवा आत आलेला असतो. रोज बघते. हे चुकणं शक्य नव्हतं.

तुला एव्हाना कळलं असेल. पुढचं टोक एका फटीवर, मागचं टोक दुसऱ्या फटीवर. डबी पुढच्याला बरोबर करते तर मागचं चुकतं, मागच्याला बरोबर करते तर पुढचं. बिचारी दोन्हीकडे धावता धावता मरते. (मला त्या डबीबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. मीही ह्या घरात वरच्या आणि खालच्या मजल्यात अशीच धावत आले.)

मंडळींना मी पायसाठी वर पाठवलं. चेरीचा होता, त्यामुळे वाद झाला नाही. डॅड गाडीला हात लावायला पुढे आले. मी म्हटलं, थांबा. दिवे लावले आणि मोजायला लागले. ते आमच्यात झालेलं बोलणं तसंच लिहिते.

‘किती डबे आहेत हे?’

‘आहेत तेवढे.’

‘डॅड, नऊ माणसं मेलीत.’

‘मला मोजता येतं. जन्मभर औषधाच्या दुकानात गोळ्याच मोजल्या.’

मी बोगद्यात हात घातला आणि गार्डाच्या डब्याच्या पुढचा डबा काढला. हिरवा. नवा कोरा, रंगाचा वास अजून होता. त्यावर त्यांच्या त्या देखण्या बारीक अक्षरांत ‘मर्ल डीट्रिक, १९४१’, पुढे एक छोटी रेघ आणि रेघेच्या पुढे जागा सोडलेली.

 ते जरा चिडूनच म्हणाले, ‘मग कोण रंगवणार होतं? लॉयडचा हात थरथरतो. ड्वेनला हिरव्यातला आणि करड्यातला फरक कळत नाही. पहिल्या, हार्लनच्या डब्यापासून सगळ्यांचे मी केले, माझा ड्वेननं करायचा?’

‘मग रंगवून कपाटात ठेवायचा. दर शनिवारी पडद्यामागे गुपचूप कशाला लावत-काढत होतात?’

‘बघायला.’

‘काय बघायला?’

ते स्टुलावर बसले. बसायला वेळ लागला. म्हणाले, ‘मी गेल्यावर तुम्ही तो लावाल. सगळे डोक्यावरच्या टोप्या काढून उभे असाल आणि गाडी तिथे अडकेल. माझ्यामुळे हार्लन, वॉल्टर, सगळे अंधारात. जिवंतपणी बघून घेतलेलं बरं, म्हटलं.’

‘आणि अडकली तेव्हा कळलं नाही तुम्हाला, गाडी लांब झाली म्हणून?’

‘पहिल्याच दिवशी कळलं.’

‘मग मी जानेवारीपासून दाढ टोकरायच्या सळईनं काय करत होते?’

‘तू फट चांगली साफ केलीस. ती मिटलीच होती.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘फट कर्टनं कापलेली आहे. ज्यानं कापली त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्यानं हलवायची नाही. ही इथली रीत आहे. आणि मी काही त्याला पत्र लिहू शकत नव्हतो. त्याचं काय चुकलं आणि तुझं काय, हे मला अजून माहीत नाही.’

‘म्हणून मी लिहायचं.’

‘तू लिहितेस चांगलं.’

मी रडत नाहीये, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, बरं.

लॉयड आणि ड्वेनला सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय मी बॉयलरवर ओरडले.

तर आता ज्यानं फट कापली त्याला रीतसर विचारते आहे. काय करायचं?

मार्ला


२५ मार्च

कर्ट,

ह्या वेळी कागदावर वर ‘मार्ला’ होतं. नोंद घेतली आहे.

तुझा पहिला पर्याय डॅडना वाचून दाखवला: गार्डाच्या डब्याला प्लास्टिकची चाकं लावायची आणि लाल दिवा काढून टाकायचा, म्हणजे मागचं टोक फटीवर आलं तरी विजेला कळणार नाही. अर्ध्या तासाचं काम. डॅड म्हणाले, शेवटी दिवा नसलेली गाडी म्हणजे मागून तुटलेली गाडी, रेल्वेवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. मग म्हणाले, ‘हे कर्टलाही माहीत आहे. त्यानं नुसतं मला तपासलं.’ मला माहीत नाही तू तपासलंस का. तुम्हा दोघांचं एकमेकांबद्दलचं मत माझ्याबद्दलच्या मतापेक्षा नेहमीच चांगलं होतं.

म्हणून दुसरा पर्याय. अलीकडची फट तांब्याच्या तारेनं जोडून बुजवायची आणि नवी फट बोगद्याच्या मागे, पुलाकडे कापायची, म्हणजे वेगळा तुकडा लांब होईल. तू विचारलंस, किती लांब, पुढे किती डबे यायचे आहेत? प्रश्न बरोबर आहे आणि तो तूच असा विचारू शकतोस, चहात साखर किती विचारावी तसा.

हा प्रश्न मंडळींपुढे ठेवावा लागला आणि त्यासाठी हिरव्या डब्याचं सांगावं लागलं. मी घाबरले होते. लॉयडनं डबा हातात घेतला, चष्मा वर करून बघितला आणि म्हणाला की अक्षर छान आलंय, माझा मात्र निळा कर. ड्वेनची तक्रार की लॉयडच्या मागे त्याला अजिबात यायचं नाही, लॉयडमागे उभं राहण्यात त्याचे इतके शनिवार गेलेत. डॅड म्हणाले, क्रम तुम्ही ठरवायचा नसतो. त्यावर तिघंही हसले. मी वर जाऊन भांडी घासली.

खाली आले तेव्हा डॅड पुलाजवळ वाकून पेन्सिलनं खूण करत होते. शेजारी रिकामे डबे ओळीनं मांडले होते, मापासाठी. स्वतःचा एक, लॉयडचा एक, ड्वेनचा एक. आणि चौथा.

मी म्हटलं, तीनच जण उरलात ना?

डॅडना ऐकू आलं नाही. त्यांना हल्ली पाहिजे तेव्हा ऐकू येत नाही. उत्तर लॉयडनं दिलं, कोर्टात उभा असल्यासारखं. ‘कर्टनं राजीनामा दिलेला नाही. तो नुसता निघून गेला. निघून जाण्यानं सभासदत्व जातं असं आमच्यात कुठेही ठरलेलं नाही.’

‘तो नेवाडात आहे,’ मी म्हटलं. ‘खाणीतल्या वायरी जोडतो. तो परत येणार नाहीये.’

‘परत यायला कोण सांगतंय?’ ड्वेन म्हणाला. ‘इथे यायला त्याला फक्त मरावं लागेल.’

मी रविवारी फट कापली. पेन्सिलच्या खुणेवर, चौथ्या डब्याच्या मापानं. जुनी बुजवताना तार तापवून चिकटवली. तू लिहिलं होतंस ‘चटका बसेल, जप’, तरी बसला. डाव्या अंगठ्याला. ड्वेननं बॅटरी धरली होती, ती बहुतेक वेळ माझ्या डोळ्यांत.

कोलंबसच्या माणसाचा फोन आला होता. मी सांगितलं, लाकूड हलवता येणार नाही, काम चालू आहे. तो म्हणाला, कधीपर्यंत? मी पुलाकडे बघून मनात हिशेब केला आणि म्हटलं, निदान चार माणसं मरेपर्यंत. त्यानं फोन ठेवला.

मला कपडे धुवायला जाताना अजून रेल्वेखालून वाकूनच जावं लागतं. कळवून ठेवते.

मार्ला


२२ एप्रिल

कर्ट,

गाडी आली.

ह्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी. दिवे मंद केले, डॅडनी पडद्यामागून गाडी लावली, ह्या वेळी हिरवा डबा सगळ्यांना माहीत होता आणि सगळे तिकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. मी स्टुलावर. इंजिन वळलं, पलीकडच्या फटीवर आलं, डबी एकदाच ‘कट’ म्हणाली आणि गप्प झाली. लाल दिवा माझ्यासमोरून गेला. मग अख्खी गाडी तोंड फिरवून बोगद्यात शिरली आणि शहराच्या स्टेशनात जाऊन थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लॉयडनं नाक शिंकरलं. डॅडनी हिरवा डबा काढला, फुंकर मारली, खिशात घातला आणि म्हणाले, आज पायमध्ये फळ कोणतं आहे?

वर येताना मधल्या पायरीवर पाच मिनिटं बसले. मागे वळून बघितलं नाही.

सोमवारी सही केली. खोली बरी आहे. खिडकीतून मालगाडी दिसते, पण तिची वेळ पाळली जात नाही म्हणून त्यांनी मिसेस टिबेट्सकडे तक्रार केली आहे, जणू रुळांच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला आहेत. पाय कमी सुजतात. शनिवारी लॉयड त्यांना गाडीतून आणणार नाही, जिना आता बंद. त्याऐवजी मी खालून फोन धरून उभी राहणार आणि ते ऐकणार. त्यांना म्हणे नुसत्या आवाजावरून कळतं.

शेवटची गाडी आता कुणी चालवायची ह्यावर दोन बैठका झाल्या. ज्यानं रंगवले त्यानं, ही रीत. डॅडनी निकाल दिला: ज्यानं फट कापली त्यानं किंवा तिनं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. हातात धरायला कंट्रोल हवा होता. मी खिळ्यावरचा तुझा घेतला. लॉयडची टोपी अजून तरी डोक्यावरच आहे.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. डॅडनी मेपल कोर्टच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रंगकाम काढलंय. हात चालतोय तोवर सगळ्यांचे करून ठेवतो म्हणतात, मागे राहणाऱ्यांचा भरवसा नाही. लॉयडचा निळा झाला. ड्वेनचा तांबडा, तो ड्वेनला करडा वाटतो. चौथा डबा तसाच पडलाय. नाव आणि जन्मसाल मी सांगितलं. रेघही मारून झाली आहे.

रंग कोणता ते मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून मला ते माहीत नाही, हे डॅडना फार विशेष वाटलेलं नाही. त्यांनी सांगितलं, त्यालाच विचार.

म्हणून विचारते. कळव. घाई नाही, असं डॅड म्हणतात.

मार्ला